चार बोटांची सापसुरळी

मेलेली सापसुरळी काचेसारखी आरपार दिसू लागते, तेव्हा बघणाऱ्याला स्वतःचं वय आठवत नाही. मला तरी नाही. पन्नाशी ओलांडली आहे, अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, स्टाफरूममध्ये माझा आवाज फारसा कोणी ऐकलेला नाही. पण त्या बरणीपुढे उभा राहिलो की मी एकटाच हसत असतो.

कृतीत गुपित काही नाही. आधी कातडी सोलायची, पोटातलं काढायचं. मग निळ्या रंगात ठेवायचं. तो रंग कूर्चेला धरतो, म्हणजे आपल्या कानात असतं तसल्या लवचीक भागाला. मग लाल रंग, तो पक्क्या हाडांना. मधल्या काळात मांस निवळवणारं द्रावण, आणि शेवटी ग्लिसरीन. घाई केली की सगळ्याचा लगदा. धीर धरला तर काही आठवड्यांनी मांस जागेवरच असतं, पण दिसत नाही. दिसतो तो लाल मणक्यांचा लांबच लांब हार, केसासारख्या बरगड्या, आगपेटीच्या काडीहून बारीक पाय, आणि पायांच्या टोकाला खसखशीएवढी बोटांची हाडं. बायकोला एकदा मोबाइलवर फोटो दाखवला. ती म्हणाली, "बापा! मुरंबाच घातला तुमी तिचा."

आमचा प्रश्न साधा आहे. सरड्या-पालींच्या गोतावळ्यात पाय गमावण्याची खोड जुनी आहे. साप त्यातूनच झाले. सापसुरळ्यांच्या काही जातींत तर हे काम अजून चालू असल्यासारखं दिसतं. अंग लांबत जातं, पाय आखडत जातात, आधी एखादं बोट जातं, मग पंजा, मग पायच. आमच्या वऱ्हाडातली बारीक सापसुरळी पाचही बोटं राखून आहे, पण पाय अगदी नावापुरते. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, त्या भेगांत ती राहते. भेगेत पाय अडतात, अंग वळवत सरकणं सोपं पडतं. तेव्हा या मातीचा आणि त्या आखूड पायांचा काही संबंध आहे का, एवढंच आम्हाला पाहायचं होतं.

आम्ही म्हणजे मी आणि माझी एक विद्यार्थिनी. ती तिवस्याची, रोज एसटीनं येणारी. घरी दोन म्हशी, वडिलांचा दुधाचा रतीब, आणि घराण्यात पीएच.डी.ला बसलेली ही पहिलीच. बोलायला सडेतोड. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्या प्राध्यापकांना तिनं विचारलं होतं, "चहा घेता का तुमी, का असेच जाता?" ते बिचारे उठूनच उभे राहिले. तिनं मात्र खरोखर प्रेमानं विचारलं होतं.

एका सकाळी ती जेवणाचा स्टीलचा डबा घेऊन आली.

"सर, आईनं पाठवलं."

मी खुशीनं उघडला. आत बर्फाच्या खड्यांवर सापसुरळी.

"गोठ्यात म्हशीच्या पायाखाली आली. आई म्हणे, तुह्या सरायले हे लागते ना, घेऊन जाय. अन् डबा घासून आणजो."

आम्ही मेलेलीच गोळा करतो, रस्त्यावर चेंगरलेली, मांजरानं टाकलेली. त्यामुळे म्हशीनं मारलेली चालण्यासारखी होती. मागचा भाग चेपलेला, मागचे पाय पोटाखाली मुडपलेले, पण पुढचं अंग शाबूत. रंग चढले, मांस निवळलं, आणि एक दिवस दुपारी ती सूक्ष्मदर्शकावरून डोकं न उचलता म्हणाली, "सर, इकडं या जरा."

डाव्या हाताला चारच बोटं होती.

त्या दुपारी मी काय काय केलं ते आता लिहितानाही हसू येतं. शिपायाला बोलावून दाखवलं. वनस्पतिशास्त्राच्या बाईंना दाखवलं. प्राचार्य कधी आमच्या जिन्यानं चढत नाहीत, त्यांना चढवलं. राजापेठेतून स्वतः पेढे आणले. संध्याकाळी घरी इतका बोललो की बायको कपाळाला हात लावून पाहायला लागली. आमच्या घराखाली शिकवणी वर्ग आहे, तिथली पोरं जिन्यात गाड्या लावतात म्हणून मी रोज कुरकुरतो. त्या दिवशी त्या पोरांनाही पेढे वाटले.

एकच अडचण होती. उजव्या हाताला पाच बोटं होती.

"सर, एकाच हाताचं कमी म्हणजे काही लागलं-बिगलं नसन ना?" तिनं विचारलं.

"उरलेल्या हाडाचं टोक बघ, कसं गोलाईनं बंद झालंय," मी म्हणालो. "बदल अर्ध्या वाटेवर आहे. एका बाजूनं सुरुवात झाली आहे."

जखम भरून आली तरी हाडाचं टोक गोलच होतं, हे मी दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवतो.

तिनं पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मी गाइड होतो. तिच्या प्रबंधात एक प्रकरण होतं, निरनिराळ्या तालुक्यांतल्या सापसुरळ्यांच्या पायांच्या मापांचं. कष्टाचं काम, पण निष्कर्ष कोरडा: अकोल्याकडची काय, तिवस्याकडची काय, मापांत फरक सापडत नव्हता. जागोजागची माती वेगळी, भेगा वेगळ्या, तेव्हा थोडा तरी फरक हवा होता. मी तिला म्हणालो होतो, मापं घेताना हात हलत असेल. आता ते प्रकरण मी बाजूला काढायला लावलं आणि त्या जागी चार बोटं बसवली. नोंदणीची मुदत संपत आली होती, त्याआधी प्रबंध गेला नाही तर तिची सगळी वर्षं पाण्यात. तरी मी हे करायला लावलं. कारण इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या वाट्याला असं काही प्रथमच आलं होतं आणि मला ते हवं होतं. कारण एवढंच. त्यात विज्ञान नव्हतं.

मग एका सुट्टीच्या दिवशी, प्रबंधासाठी फोटो काढायला मी एकटाच कॉलेजात गेलो. चेपलेला मागचा भाग फोटोत वाईट दिसत होता, म्हणून सुईनं उजवा मागचा पाय पोटाखालून हळूच सोडवला. त्यालाही एक बोट कमी होतं.

मी सुई खाली ठेवली.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. जिवंत सरडे-सापसुरळ्या पुन्हा सापडल्या तर ओळखाव्यात म्हणून खूण करतात. रंग लावला तर कात टाकली की जातो. म्हणून एखादं बोट बुडाशी कापतात. पुढच्या पायाचं कोणतं बोट आणि मागच्या पायाचं कोणतं, यावरून त्या जनावराचा आकडा ठरतो. शेपटी पुन्हा येते, बोट येत नाही. मी तीनेक वर्षांपूर्वी, रीतसर परवानगी घेऊन, अकोल्यापलीकडे दादाच्या शेतात हे केलं होतं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, शेती तोच पाहतो. कात्री लागली की ते एवढंसं अंग तळहातात एकदा ताठ व्हायचं. प्रत्येक वेळी मी मनात माफी मागायचो, आणि पुढची धरायचो. वर्गात कधी बोललो नाही याबद्दल. पुढे जीव धजेना म्हणून ते काम सोडूनच दिलं. सगळ्या वऱ्हाडात सापसुरळीच्या बोटांना कात्री लावणारा दुसरा माणूस नाही.

म्हणजे उत्क्रांतीनं नाही, मीच कापलं होतं ते बोट.

पण माझी सापसुरळी अकोल्याची आणि ही तिवस्याची. मध्ये सगळं अमरावती पडतं. चार अंगुळं उंचीचा बांध ओलांडायला जिला दिवस लागेल ती तिथे पोचली कशी? आणि इथे माझ्या मनात जे आलं ते सांगायलाच मी हे लिहायला बसलो आहे. मला वाटलं, पोरीनं बरण्यांची अदलाबदल केली. दादाच्या शेतातल्या खुणेच्या काही सापसुरळ्या पुढे मेलेल्या सापडल्या होत्या, त्या माझ्या जुन्या नमुन्यांतली एखादी हिच्या बरणीत गेली. चुकून गेली असेल, असं पहिल्या दिवशी वाटलं. तिसऱ्या दिवशी वाटलं, मुद्दाम तर नसेल? मुदत जवळ आली होती, तिला काहीतरी मोठं हवं होतं. हवं मला होतं, आणि मी ते तिच्यावर ढकललं. ती रोज समोर बसून टायपिंग करायची, "सर, हे वाक्य पाहा ना" म्हणायची, मी पाहायचो, आणि मनात तिला चोर ठरवून मोकळा व्हायचो. आठवडा गेला.

शेवटी बायकोनंच विचारलं. "तुमी काऊन असे बसून राहिले? चार दिवस झाले, भाजीत मीठ नव्हतं तरी बोलले नाही."

मी तिला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "तिले विचारलं का?"

"नाही."

"मंग तुमी कायचे गाइड? जा तिवस्याले. फोनवर नका बोलू, फोनवर तुमी नुसतं हं हं करता."

रविवारी गेलो. तिच्या आईनं दारातच "या सर, जय भीम" म्हणून आत घेतलं. मीही जय भीम म्हणालो. पाणी आलं, पाठोपाठ चहा.

"तो डबा घासून पाठवला तुमी," आई म्हणाली, "पण औषधाचा वास जाऊनच नाही राहिला. आता त्यात म्हशीची सरकी ठेवतो. म्हैस काही म्हणत नाही."

मुलगी हसली. मी हसलो नाही. म्हणालो, "ती बरणी... तुमच्या गोठ्यातल्या सापसुरळीचीच आहे ना नक्की? म्हणजे कधी कधी चिठ्ठी इकडची तिकडे होते."

तिचं हसू थांबलं. "म्हणजे मी बदलली?"

"तसं नाही..."

"सर, सरळ बोला."

मग मी सरळ बोललो. मागच्या पायाचं, कात्रीचं, दादाच्या शेताचं.

"हे कधी पाह्यलं तुमी?"

"मागच्या रविवारी."

"अन् आठ दिवस माह्याकडे पाहून, हिनं बरणी बदलली, असं म्हणून राहिले मनात?"

नाही म्हणायची सोय होती. तिच्या आईसमोर तर फारच. मी "हो" म्हणालो. मग म्हणालो, "माझं चुकलं."

ती उठली आणि मागच्या दारानं गोठ्यात गेली. मला वाटलं, आता हिला गाइड बदलून हवा असेल, आणि ते बरोबरच होईल.

"बसा सर," आई म्हणाली. "तिले राग आला की ते ढोरायले चारा टाकते. लहानपणापासून हाय तिचं. आमच्या म्हशी तिच्या रागावरच पोसल्या."

थोड्या वेळानं गोठ्यातून आवाज आला. "सर! तुमी बोटं कापली ते कोणत्या वावरात?"

"नाल्याकाठच्या."

"अन् दादा ज्वारी कोणत्या वावरात पेरते?"

"नाल्याकाठच्याच," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता माझा आवाज बारीक झाला.

आईनं कपबशी खाली ठेवली. "सर, हा कडबा तं तुमच्याच भावाचा हाय ना? तुमीच तं फोन केलता त्यायले. मेटॅडोर भरून आला होता."

केला होता. आदल्या हिवाळ्यात ती पोरगी म्हणाली होती, सर, इकडे सगळ्यायनं सोयाबीन पेरलं, ज्वारीच कोणी पेरत नाही, म्हशीले कडबा भेटून नाही राहिला. मी दादाला फोन लावून दिला होता आणि विसरलो होतो. कोणाचं एवढंसं काम केलं की मला उगाच संकोच होतो, म्हणून मी ते लवकर विसरतो.

ती गोठ्याच्या दारात आली. काखेत कडब्याची पेंडी, केसांत पाचोळा.

"म्हणजे सर," ती म्हणाली, "तुमीच कापलं, तुमीच पाठवलं, अन् तुमीच शोधलं!"

आधी आई हसली. मग ती हसली. पेंडी टाकून ओसरीवर बसून हसली. मग मी. इतकं मोठ्यानं की शेजारची एक म्हातारी कुंपणापाशी येऊन विचारू लागली, पोरीचं जमलं का म्हणून.

हसू ओसरल्यावर तिनं एकदम तोंडावर हात ठेवला. "सर, माही मापं!"

मला कळायला एक क्षण लागला. अकोल्याकडच्या आणि तिवस्याकडच्या पायांत फरक का सापडत नाही, याचं एक कारण आमच्यासमोर पडलं होतं, सुतळीनं बांधलेलं. कडब्यात बसून, कुटारात म्हणजे भुशात बसून, वर्षानुवर्षं या सापसुरळ्या तालुक्या-तालुक्यांत फिरत असतील, आणि सगळ्यांचं रक्त एकमेकांत मिसळत असेल. वेगळं व्हायला एकटं राहावं लागतं, आणि इथे तर येणं-जाणं चालू होतं. एका सापसुरळीवरून हे सिद्ध होत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण प्रश्न खरा होता, आणि तिचा हात हलत नव्हता.

"तुझी मापं बरोबर होती," मी म्हणालो. "तेही माझंच चुकलं."

"आता पुरे करा, सर, चुकलं चुकलं. पातोड्या केल्या आईनं, गरम हायेत तवर खा." मग भाकरी वाढता वाढता तिनं अट घातली. "पण सेमिनारमध्ये बोटाचं तुमीच सांगायचं."

"मी?"

"मंग कोण, म्हैस?"

पुढचे दिवस जसे गेले, तसे दिवस मी आयुष्यात फार थोडे जगलो असेन. चार बोटांचं प्रकरण काढलं, मापांचं प्रकरण परत आणलं आणि त्याला कडब्याचा एक भाग जोडला. तिनं तिवस्याच्या बैलबाजारात हिंडून कोणाचा चारा कुठून येतो ते विचारलं. दादाला मी रोज फोन करायचो. इतकी वर्षं आमचं बोलणं 'पाऊस हाय का' आणि 'तब्येत बरी ना' एवढंच. आता तो तासभर सांगायचा: कडबा कधी कापतो, किती दिवस वावरात पडू देतो, पेंडीत काय काय निघतं. एकदा मध्येच म्हणाला, "अबे, तू लहानपणी असाच बोलत होता. मंग काऊन बंद झाला?" मला फोन ठेवावासा वाटला नाही.

प्रबंध देण्याआधीचं सेमिनार खुलं असतं, कोणीही येऊन काहीही विचारावं. तिची आई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत होती. मुलीनं छान मांडणी केली. मणक्यांचा लाल हार पडद्यावर आला तेव्हा मागच्या बाकांवरचीही पोरं गप्प झाली. मग बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी नेमकं विचारलं, "हा प्राणी अकोल्याचाच, हे तुम्ही इतक्या खात्रीनं कसं म्हणता?"

तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी उभा राहिलो. म्हणालो, "त्याची बोटं मी कापली होती. तो कडब्यात बसून तिवस्याला गेला, तो कडबाही मीच पाठवला होता. आणि तिथून तो मेलेला परत आला तेव्हा चार बोटांचा नवा प्रकार सापडला म्हणून पेढेही मीच वाटले. माझी चूक लक्षात आल्यावर मी आठ दिवस हिच्यावर संशय घेतला. कडब्याचा उलगडा हिनं केला. आधीची मापंही हिचीच बरोबर होती."

मग प्राचार्य म्हणाले, "मीही खाल्ला होता पेढा," आणि सगळे हसायला लागले, ते तज्ज्ञसुद्धा. ते म्हणाले, हा कडब्याचा भाग परिशिष्टात नको, मुख्य प्रकरणात घ्या. प्रबंध मुदतीत गेला. बाहेर व्हरांड्यात तिच्या आईनं मला थांबवलं. "सर, तुमी बोलले चांगले. पण पेढे आमाले काऊन नाही भेटले?"

ते देणं अर्थातच फेडलं.

यंदा हिवाळ्यात दादा कडबा घेऊन स्वतः तिवस्याला आला. मी आणि बायको अमरावतीहून गेलो. अंगणात मोठी ताडपत्री अंथरली आणि एकेक पेंडी तिच्यावर सोडवून, झटकून बघायची असं ठरलं. दादा कमरेवर हात ठेवून पाहत होता. "एवढं शिकून शेवटी कडबा झटकाले लागले तुमी," तो म्हणाला, आणि दुसऱ्याच मिनिटाला स्वतः पेंड्या सोडायला बसला. एका पेंडीतून पाल निघाली. एकीतून एक जाडजूड भेक, म्हणजे खरखरीत अंगाचा बेडूक निघाला, तो रागानं फुगून बायकोच्या चपलेवर बसला आणि उठेचना. आणि उन्हं कलायला लागली तेव्हा ताडपत्रीच्या कडेला काहीतरी तांबूस, गुळगुळीत सळसळलं. माझ्या विद्यार्थिनीनं झडप घालून अलगद ओंजळीत धरलं.

"पाच!" ती ओरडली. "इकडंही पाच! सगळी बोटं हायेत, सर!"

"माही हाय ते," दादा म्हणाला. "वापस नेतो मी अकोल्याले."

"असं कसं?" तिची आई म्हणाली. "एवढ्या दुरून पाहुनी आली, अन् लगेच वापस? राहू द्या."

दोघांचं चांगलंच जुंपलं. मी मध्ये पडलो, विज्ञानाच्या दृष्टीनं काय योग्य ते सांगू लागलो, आणि कोणीच ऐकत नव्हतं. तेवढ्यात सापसुरळी पोरीच्या बोटांच्या फटीतून निसटली, आखूड पाय अंगाला चिकटवून, सगळं अंग वळवत, बघता बघता कडब्याच्या गंजीखाली शिरली.